बसलेले मावळे

मी खोकं कानाशी नेलं आणि हलकेच हलवलं. माईणकरकाकू पदर तोंडाशी नेऊन हसल्या.

"नारळ बघताय होय? पाणी आहे का आत?"

"तसंच समजा," मी ओशाळून म्हणालो. "सगळे भाग आत आहेत का, ते आवाजावरून थोडंफार कळतं."

"आणि नासका निघाला तर?"

"तर परत जागेवर ठेवायचा."

"म्हणजे गिऱ्हाईक पारखी आहे म्हणायचं," असं म्हणत त्या पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या आणि पुढे काय करतोय ते बघू लागल्या.

या गोष्टीला वीसएक वर्षं झाली. मला प्लास्टिकच्या विमानांची जुनी किट जमवायचा नाद होता. अजूनही आहे. खऱ्या विमानाचं हुबेहूब छोटं रूप, पण सुट्या भागांत. प्लास्टिकच्या चौकटीला ते भाग वेलीला शेंगा लागाव्यात तसे लागलेले असतात. ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि विमान करायचं. करायचं म्हणजे इतरांनी. आमच्यासारखे जमवणारे ते काही करत नाहीत. जुनं, बंद, कुणाचा हात न लागलेलं खोकं, त्यालाच आमच्यात मान. एक भाग जरी चौकटीपासून तोडला, तरी ते किट आमच्या लेखी बाटलं.

"तू विमानं जमवत नाहीस, पुठ्ठा जमवतोस," माझी बायको वैजू म्हणायची. रद्दीवाला दारावर आला की ती मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला विचारायची, "खोकी घेता का हो?"

सांगलीच्या एका वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात माझ्या मेहुणीने कापून पुण्याला पाठवली होती. 'न जोडलेली जुनी विमाने विकणे आहे.' मी फोन केला. पलीकडे एक वयस्कर बाई. त्यांनी कपाटापुढे उभं राहून एकेका खोक्यावरचं नाव मला अडखळत वाचून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "आणि हे एक मोठं आहे. सुंदरलँड. नाव गोड आहे नाही?"

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

सातवीत असताना आमच्या वर्गातल्या उपेंद्रकडे ते खोकं मी पाहिलं होतं. त्याच्या बोटीवरच्या मामाने आणलेलं. ते त्यांच्या दिवाणखान्यात कपाटाच्या माथ्यावर असे आणि मला ते खालूनच दाखवलं जाई. पाण्यावर उतरणारं पांढरं अजस्र विमान, खाली काळपट हिरवा समुद्र आणि विमानाच्या वरच्या झरोक्यातून अर्धा बाहेर आलेला एक माणूस हात हलवतोय. कुणाला हात करत असेल, याचा मी शाळेच्या तासांना बसून विचार करायचो. पुढे उपेंद्रच्या वडिलांची बडोद्याला बदली झाली. उपेंद्र गेल्याचं मला फारसं वाटलं नाही, खोकं गेल्याचं वाटलं. नोकरी लागल्यावर मी किट जमवायला लागलो ते त्या एका खोक्यापायी. बाकीची सगळी वाटेत भेटलेली.

म्हणून त्या दुपारी मी सांगलीत माईणकरांच्या घरी होतो. गणपती नुकतेच गेले होते. घर बैठं, पुढे जरासं अंगण, अंगणात एक पेरूचं झाड. काकूंचे यजमान यशवंतराव आदल्या वर्षी गेले होते. ते एका इंजिनाच्या कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. हे लोखंडी कपाटही त्यांनीच केलेलं. दार लावलं की फटीत पोस्टकार्ड जाणार नाही, असं काम.

कपाटात खोकी उभी, आकाराने लावलेली. डांबरगोळ्यांचा वास. सुंदरलँड सगळ्यांत खाली आडवं होतं. ते मी मुद्दामच शेवटी ठेवलं. जेवताना श्रीखंड मागे ठेवणाऱ्यांपैकी मी आहे.

पण संग्रह बघून मी जरा गोंधळलो. जमवणाऱ्याचा काहीतरी धागा असतो. कुणी एकाच देशाची विमानं जमवतो, कुणी एकाच युद्धातली. इथे कशाचा कशाला मेळ नव्हता. बॉम्बफेकी विमानं, मध्येच एक रुग्णवाहू हेलिकॉप्टर, मध्येच समुद्रातून बुडणाऱ्यांना वाचवायची एक लाँच. ज्यांच्यावर सगळे जीव टाकतात ती चपळ लढाऊ विमानं जवळपास नाहीतच. एकच होतं, सगळ्यांत जुनं.

"काकांना यातलं नेमकं काय आवडायचं?" मी विचारलं.

"काय की बाई. मोठं खोकं आवडत असेल. दसरा झाला की कंपनीच्या कामाला मुंबईला जायचे. येताना एक खोकं. निरूला वाटायचं, आपल्यासाठी आणलं. तर ते कपाटात आणि किल्ली ह्यांच्या खिशात."

"निरू म्हणजे?"

"निरंजन. आमचा मुलगा. ऑस्ट्रेलियात असतो."

मी ते जुनं लढाऊ विमान हातात घेतलं. त्याचा आवाज मला जरा पोकळ वाटला होता. खोकं उजेडाकडे धरून मी कडा तपासल्या. एका टोकाच्या झडपेवर कसरीने बारीक नक्षी केली होती. बाकी सगळं खोकं स्वच्छ.

"काकू, हे कुणीतरी उघडलंय."

"कशावरून?"

"कसर फक्त या झडपेला लागलीय. बाकी कुठे नाही. म्हणजे इथे कारखान्यातला गोंद नाही. कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलंय, पिठाच्या खळीने वगैरे."

काकूंनी वाकून झडपेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भाताच्या."

"काय?"

"भाताची खळ. पिठाची नव्हे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनीच 'उघडा की' अशी मान हलवली. आत चौकटी होत्या, पिवळट पडलेला सूचनांचा कागद होता. वैमानिक नव्हता. चौकटीवर त्याच्या जागी मुरगळून तोडल्याची ओबडधोबड खूण. मी दुसरं खोकं उघडलं. तिसरं. सगळीकडे पंख जागेवर, चाकं जागेवर, तोफा जागेवर. माणसं तेवढी नाहीशी. लाँचवरचे खलाशीसुद्धा गेलेले.

माझा चेहरा उतरला असणार. काकू म्हणाल्या, "चोर तुमच्यासमोर बसलाय. चहा घेता?"

"आधी सांगा तरी."

"सांगते की. पण रागावायचं नाही, पुण्याहून आलाय म्हणून."

त्या सरळ बसल्या. त्यांच्या बोलण्यात लाज अशी नव्हतीच, उलट इतक्या वर्षांनी कुणी पकडलं याची थोडी मौज होती.

"निरू लहान होता तेव्हा ह्यांनी ते पहिलं विमान आणलं. पोरगा नाचायला लागला. हे म्हणाले, असं नाही. आधी हात बसायला हवा. कारखान्यातून लोखंडाचा एक तुकडा आणला, असा लाडवाएवढा. कानस दिली हातात. म्हणाले, हा घास, चारी बाजू काटकोनात आल्या की विमान तुझं. मग गुण्या लावून बघायचे. गुण्या माहीत आहे ना?"

"काटकोन तपासायचा."

"तोच. तुकड्यावर गुण्या ठेवायचा आणि खिडकीकडे धरायचा. मधून उजेड दिसला की नापास. निरू घासायचा, हे उजेड बघायचे. घासायचा, उजेड. दरवर्षी नवीन खोकं यायचं आणि दरवर्षी उजेड दिसायचा. अहो, ह्यांच्या टूलरूममधली मोठी माणसं चळाचळा कापायची त्या गुण्याला. हा तर पोर."

"मग माणसं कशाला काढलीत?"

"किल्ल्यासाठी," काकू म्हणाल्या. "दिवाळीचा किल्ला नको होय? इथे अंगणातच करायचा. सगळ्या पोरांचे मावळे कुंभाराकडचे, मातीचे. आमच्या निरूने हट्ट धरला, मला विमानातली माणसं हवीत. विमान नाही तर नाही, माणसं तरी द्या. ह्यांना विचारायची सोय नव्हती. मग मीच एक दिवस भाताच्या तपेल्याच्या वाफेवर झडप धरली. अलगद सुटली की! माणूस काढला, खळ लावली, वर निरूचा तो लोखंडी तुकडा ठेवला वजनाला. दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी."

"आणि किल्ली?"

"तेवढं देवाने बघितलं. एरवी किल्ली जिवापलीकडे जपायचे, पण दिवाळीच्या दिवसांत विसरायचे. शर्ट खुंटीला, किल्ली शर्टात आणि हे उटणं लावून न्हाणीघरात. एवढा काटेकोर माणूस, पण तेवढं एक विसरायचा." त्या उठल्या. "थांबा, दाखवते."

आतून त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. आत आमच्या सगळ्या चोरीला गेलेल्या पलटणी होत्या. वैमानिक, तोफवाले, खलाशी, करंगळीच्या पेराएवढे. प्रत्येकाला कुंकवाची पगडी, हळदीचा अंगरखा, काजळाच्या मिशा. उडायच्या गॉगलवर मिशा ओढलेला एक जण तर भलताच उग्र दिसत होता. आणि सगळे बसलेले. विमानातली माणसं ती, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेलीच असतात.

"पोरं चिडवायची," काकू एकेकाला तळहातावर घेत म्हणाल्या. "म्हणायची, निरूचे मावळे गड सोडून पंगतीला बसलेत. निरू म्हणायचा, दमलेत ते, आत्ताच लढून आलेत."

मला हसू आलं. काकूही हसल्या, पण त्यांचं हसणं अर्ध्यातच थांबलं.

"फक्त नीट बसायचे नाहीत. बुडाला गोल, बघा. खुर्चीत बसवायचे, त्यांना मातीवर कसं बसता येणार? जरा वारा आला की तटावरून कोलमडायचे. एकदा रडत आला माझ्याकडे. आई, माझे मावळे उभे पण राहत नाहीत आणि बसत पण नाहीत. हे तिथेच पेपर वाचत होते. मान वर केली नाही."

"काका किल्ला बघायला यायचे?"

"यायचे की. सकाळी कप घेऊन, एक हात पाठीशी. बघायचे आणि म्हणायचे, बुरूज तिरका आहे. झालं. आत जायचे. दुसरा शब्द नाही."

काकूंनी डबा मांडीवर ठेवला. आता त्यांचा आवाज बदलला होता.

"दहावी झाल्यावर निरूने शेवटचा तो तुकडा आणून दिला. तुम्हाला सांगते, आरसा होता आरसा. ह्यांनी गुण्या लावला, खिडकीशी गेले. किती वेळ बघत होते. मग म्हणाले, केसभर आहे अजून. निरूने कानस टेबलावर ठेवली. ओरडला नाही, काही नाही. पुण्याला मामाकडे शिकायला गेला आणि त्या दिवाळीला आलाच नाही. त्यानंतर आला तो पाहुण्यासारखा. ह्यांचं कार्य करायला आला, सगळं रीतसर केलं. कपाटाकडे बघितलं नाही. जाताना म्हणाला, आई, ते विकून टाक, नाहीतर कुणाला फुकट दे, पण मला त्याचं नाव सांगू नकोस."

मी हातातलं खोकं कपाटात परत ठेवलं.

"गेलेल्या माणसावर रागवू नये," काकू म्हणाल्या. "पण मला राग आहे. एक खोकं, फक्त एक त्या पोराच्या हातात दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मोडलं असतं तर मोडलं असतं. मला तो राग गिळता येत नाही. म्हणून जाहिरात दिली. हे कपाट समोर असलं की मला ह्यांच्या फोटोला हार घालावासा वाटत नाही."

भिंतीवर यशवंतरावांचा फोटो होता. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, कॅमेऱ्यालाही गुण्या लावून बघत असल्यासारखी नजर. हार नव्हता.

काकूंनी मग वाकून स्वतःच सुंदरलँडचं खोकं ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"तुम्हाला बंद हवं ना? हे घ्या. हे एवढं एकच मी उघडलेलं नाही. निरू आला नाही, त्या वर्षीचं हे. किल्ली तेव्हाही शर्टातच होती, पण किल्लाच नाही तर मावळे कुणाला? मी हात लावला नाही. बघत बसा, मी चहा टाकते."

त्या आत गेल्या आणि मी ते खोकं मांडीवर घेऊन बसलो. तोच काळपट हिरवा समुद्र, तेच पांढरं विमान आणि झरोक्यातून हात हलवणारा तो माणूस. इतक्या वर्षांत त्याचा हात खाली आला नव्हता. सातवीतल्या पोराला आता कुठे खोकं खाली काढून मिळालं होतं.

सवयीने मी ते कानाशी नेलं आणि हलवलं. चौकटी सरकल्याचा आवाज आला. त्याच्या पाठोपाठ एक वेगळा आवाज आला, लहान, कोरडा, खुळखुळ्यासारखा. त्या खोक्यात तसा आवाज करणारं काही असायला नको होतं.

मी झडप उजेडात धरली. कसर नव्हती. पण कडेला पांढऱ्या गोंदाची एक रेघ होती, अगदी बारीक, आखणीने मारल्यासारखी. कारखाना असा गोंद लावत नाही. कारखाना फासतो. हे कुणीतरी सावकाश, जीव लावून बंद केलं होतं.

माझ्या मनाची तेव्हा काय अवस्था झाली ते सांगायला हवं. आधी चरफडलो. आयुष्यभर शोधलेलं खोकं हातात आलं आणि तेही बाटलेलं. पण मग वाटलं, कुणी उघडलं? किल्ली एकाच माणसाकडे होती, आणि काकू तर खोटं बोलत नव्हत्या. चोरी कबूल करून वर खळ भाताची की पिठाची तेही सांगणारी बाई.

"काकू, जरा येता का?"

त्या चहाची गाळणी हातात घेऊनच आल्या.

"हेही उघडलेलं आहे."

"शक्य नाही. देवाशपथ मी नाही."

"माहीत आहे. तुम्ही नाही. मी उघडू का?"

त्यांनी मान हलवली. मी नखाने झडप सोडवली. वर विमानाचे पंख, पांढरे स्वच्छ, जागच्या जागी. त्याखाली आगपेटी. आगपेटीत कापूस आणि कापसावर विमानातली सगळी माणसं. रंग न दिलेली, करडी.

मी एकाला चिमटीत उचललं. काकूंनी मुरगळून तोडलेल्या माणसांना जिथे ओबडधोबड खुंट होता, तिथे याचा काप ब्लेडने घेतलेला, मग कानशीने घासून गुळगुळीत केलेला. बोट फिरवलं तरी कळत नव्हतं. मी त्याला उलटा केला आणि तसाच थांबलो. त्याचं गोल बूड घासून सपाट केलं होतं. मधोमध केसाएवढं भोक पाडून त्यात टाचणी बसवली होती, डोकं कापून, टोक खाली.

दुसऱ्यालाही टाचणी. तिसऱ्यालाही. सगळ्यांना.

विमानाच्या खुर्चीत बसायला टाचणी लागत नाही. टाचणी मातीत रोवायला लागते.

मी तो माणूस तसाच काकूंच्या हातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. अंगठ्याने टाचणीचं टोक चाचपलं. मग गाळणी कपाटावर ठेवून त्या खाली फरशीवरच बसल्या.

"हे तटावर बसवायला आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"पडू नयेत म्हणून."

"हो काकू."

"म्हणजे ह्यांना माहीत होतं."

"बुरूज तिरका आहे हे ज्याला लांबून दिसायचं," मी म्हणालो, "त्याला तटावर बसलेले वैमानिक दिसले नसतील?"

काकूंचे डोळे कपाटावरून फिरू लागले. "किल्ली," त्या पुटपुटल्या. "हा माणूस कधी छत्री विसरला नाही. डबा विसरला नाही. आणि किल्ली विसरायचा?"

तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. मी उभा राहिलो आणि खोकी पुन्हा एकदा बघितली. सगळ्यांत जुनं ते लढाऊ विमान, त्यात एकच माणूस. त्यानंतर आलेलं बॉम्बफेकी विमान, त्यात जास्त. मग हेलिकॉप्टर, आत डॉक्टर आणि रुग्णसुद्धा. मग लाँच, खलाशांनी भरलेली. आणि शेवटी हे सुंदरलँड. मी ज्या संग्रहाला धागा नाही म्हणत होतो, त्याला धागा होता.

"काकू, काकांना मोठी खोकी आवडत नव्हती. ते जास्त माणसांची खोकी आणत होते. दसरा झाल्यावर. दिवाळीच्या आधी."

काकूंनी पदर तोंडावर दाबला. आत चहा उतू गेल्याचा वास आला, मी जाऊन गॅस बंद केला. परत आलो तर त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. इतका वेळ 'हे' आणि 'ह्यांनी' म्हणणाऱ्या बाईंनी पहिल्यांदाच त्यांना हाक मारली. "अहो, बोलायचं तरी एकदा."

मग माझ्याकडे वळून, आणि आता माझ्याशी त्या 'तू'वर आल्या होत्या, म्हणाल्या, "शब्द दिला होता ना रे, उजेड दिसतोय तोवर विमान नाही म्हणून. स्वतःचा शब्द स्वतःला मोडता येईना, म्हणून माझ्याकडून मोडून घेत होता हा माणूस. आणि त्या वर्षी मी मोडलाच नाही. टाचण्या लावून ठेवल्या, किल्ली ठेवली, आणि मी कपाटाकडे फिरकले नाही. त्यांनी रोज वाट बघितली असेल. आंघोळीला जाऊन जाऊन बघितली असेल."

हे बोलताना त्या रडत होत्या आणि मधूनच हसतही होत्या. मला तिथे बसवेना आणि उठवतही नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं इतकं खाजगी काहीतरी मी कान लावून, हलवून बाहेर काढलं होतं.

"मी निघतो काकू," शेवटी मी म्हणालो. "हे सगळं इथेच राहू दे."

"थांब." त्यांनी आगपेटीतली माणसं एकेक करून बिस्किटांच्या डब्यात ठेवली, हळद-कुंकवाच्या जुन्या मावळ्यांच्या शेजारी. मग सुंदरलँडचं खोकं बंद करून माझ्या हातात दिलं. "तू एवढ्या लांबून आलास. विमान तू ने. माणसं माझी."

मी नको म्हणालो नाही. नको म्हणायला हवं होतं की काय, ते मला आजही कळत नाही.

ओसरीत मी बूट घालत होतो तेव्हा आत त्यांनी फोन फिरवला. मला त्यांचं एकटीचंच बोलणं ऐकू येत होतं.

"निरू? ... नाही रे, बरी आहे मी. ऐक. तुझ्या मावळ्यांना टाचण्या लावल्यात. ... मावळ्यांना रे, तुझ्या किल्ल्यावरच्या. ... मी नाही. बाबांनी. ... अरे तुझ्या बाबांनी, निरू. मला आज कळलं."

माझी लेस बांधून झाली होती, तरी मी वाकूनच होतो.

"ऐकतोयस ना?" काकू म्हणाल्या. "या दिवाळीला ये. ... काही काम नाही. किल्ला करायला ये."

ते खोकं अजून माझ्याकडे आहे. आमच्या जमवणाऱ्यांच्या भाषेत ते अपुरं, म्हणजे जवळजवळ टाकाऊ. मध्यंतरी तेच किट, पूर्ण आणि बंद, कोचीच्या एकाकडे असल्याचं कळलं होतं. वैजूने विचारलंही, "घेत का नाहीस? याच्यासाठीच तर सगळा पसारा." मी काहीतरी कारण सांगितलं. कधीतरी मी माझं खोकं काढतो, कानाशी नेऊन हलवतो. चौकटी सरकल्याचा आवाज येतो आणि तो लहानसा कोरडा खुळखुळ येत नाही. वरच्या चित्रातला माणूस हात हलवत असतो. आमची लेक मुक्ता किल्ला करण्याएवढी मोठी झाली त्या वर्षी माझ्या कपाटाची किल्ली मी शर्टाच्या खिशात विसरलो. वैजूच्या ते लगेच लक्षात आलं. ती आणि मी, दोघंही त्यावर आजतागायत काही बोललेलो नाही.

पण सांगायचं राहिलं ते पाडव्याच्या फोनचं. मी सांगलीला गेलो त्याच वर्षीच्या दिवाळीतल्या. सकाळी काकूंचा फोन आला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. निरंजन आला होता, बायको आणि मुलगा दोघांना घेऊन. टक्कल पडायला लागलेला माणूस, काकू सांगत होत्या, दोन दिवस गुडघे टेकून चिखलात. नव्या माणसांना रंग दिला नाही, करडेच ठेवले. तटावर बसवलेत. रात्री केवढा वारा सुटला होता.

"एकसुद्धा पडला नाही बघ," काकू म्हणाल्या.

"आणि बुरूज?" मी विचारलं.

पलीकडे पोरांचा गलका तेवढा ऐकू आला. मग काकूंचा आवाज आला, ओला आणि हसरा.

"तिरका आहे," त्या म्हणाल्या. "मी सकाळी कप घेऊन जाऊन सांगून आले."